म्हसोबाच्या दगडातलं शिसं

हुमेराच्या प्रबंधात सगळं बसलं होतं, फक्त शिसं बसत नव्हतं.

सहा वर्षं ती एकाच दगडाच्या मागं होती. वाशी तालुक्यातल्या खडकवाडीच्या शिवारात काळ्या खडकाची एक लांबलचक भिंत जमिनीतून वर आलेली आहे. ती कुणी बांधलेली नाही. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस एका भेगेत घुसला, वर पोचायच्या आतच तिथं थिजला, आणि आजूबाजूची माती वाहून गेल्यावर उघडा पडला. शास्त्रात त्याला डाइक म्हणतात, गावात पांडवांचा बांध म्हणतात. हा रस आला कुठून, एवढाच हुमेराचा प्रश्न होता. खोलातून सरळ वर आला, की वाटेत या मुलखाच्या बुडाशी गाडलेला जुना ग्रॅनाइट खाऊन आला?

दगडाला हे विचारायच्या दोन वाटा असतात. एक तर त्याची कागदाहून पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं बघायची. नाहीतर भुगा करून रसायन काढायचं. ग्रॅनाइट खाल्लेला असेल तर चकतीत गारगोटीचे अर्धवट विरघळलेले कण सापडतात, आणि भुग्यात शिसं, बेरियम, पोटॅश अशी मंडळी वाढलेली दिसतात.

रसायन म्हणत होतं, खाल्लाय. बांधाच्या उत्तर टोकाकडच्या नमुन्यांत शिसं इतकं निघालं की यंत्रच बिघडलंय असं वाटून हुमेरानं ते पुन्हा तपासून घेतलं होतं. चकत्या म्हणत होत्या, कशाचं काय. गारगोटीचा एक कण नाही. शिवाय बेरियम आणि पोटॅश जिथल्या तिथं. पाहुणा जेवून गेला म्हणावं, तर ताटातलं फक्त लोणचं संपलेलं, अशातली ती गत.

तिचे मार्गदर्शक वैजनाथ सर यावर हसायचे. माणूस मोठा उमदा, पण एकदा एखादी कल्पना आवडली की तिच्या प्रेमात पडायचा. “अगं, शिसं गरम पाण्याबरोबर एकटंही येतं,” ते म्हणायचे. “बाकीचे कशाला यायला हवेत?” त्यांनी एका परिषदेत हा निष्कर्ष सांगूनही टाकला होता. टाळ्या झाल्या होत्या. आता प्रबंध द्यायला महिना राहिला होता आणि बाहेरून येणारे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार, हे हुमेराला झोपेतही कळत होतं. गारगोटीचा एक कण दाखवा.

तो कण शोधायला ती कळंबहून वाशीच्या एसटीत बसली. तिथून पुढं बलभीमकाका मोटारसायकल घेऊन यायचे, तसे आजही आले.

बांधाचं उत्तर टोक बलभीमांच्या शेतात होतं आणि त्या टोकाच्या उंचवट्यावर त्यांचा म्हसोबा होता. म्हसोबा म्हणजे त्याच खडकाचा वर आलेला एक गोल माथा, शेंदरानं लडबडलेला. पहिल्या वर्षी हुमेरा हातोडी घेऊन तिथं उभी राहिली तेव्हा बलभीम म्हणाले होते, “ताई, ह्या टोकाला तुमी हात नका लावू. कुठलं पायजे तेवढं बोटानं दावा, म्या फोडून देतो.” तिनं दाखवलं, आणि लांब बाभळीखाली जाऊन बसली. बाई म्हणून नको, की मुसलमान म्हणून नको, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तुकडे स्वच्छ धुऊन, पुसून, कापडी पिशव्यांत भरून त्यांनी तिच्या हातात दिले होते. इतक्या अदबीनं आजवर कुणी तिला दगड दिले नव्हते.

पुढं शिशाचा आकडा आला तेव्हा सगळ्यांत आधी तिनं त्यांनाच सांगितलं. “काका, तुमच्या दगडात शिसं आहे. खूप खोलातून आलेलं.” बलभीमांना ते इतकं आवडलं की गावातल्या प्रत्येक पाराला, दुकानाला, लग्नाला त्यांनी ते सांगितलं. आमच्या म्हसोबाच्या अंगात शिसं हाय, कॉलेजात सिद्ध झालंय.

घरी कमलबाईंनी तिला पाटावर बसवून ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढं केला. कमलबाई म्हणजे बलभीमांची बायको. बोलायला कडक, वाढायला सैल. त्यांचा मुलगा कृष्णराज पुण्याकडं ट्रक चालवायचा, आणि सून सोनाली चार वर्षांच्या अर्पिताला घेऊन इथंच असायची.

“बस की नीट. तुझ्या अंगावर काय मांसच न्हाय,” कमलबाई म्हणाल्या. “हिच्यासारकंच.”

हिच्यासारकं म्हणजे अर्पितासारखं. ती आजीच्या मांडीवर होती. गेल्या वेळी बघितलेली पोरगी अंगणभर कोंबड्यांमागं पळत होती आणि हुमेराला ‘ओ दगडवाली’ अशी हाक मारत होती. आताची पांढरीफटक होती, पोटाशी पाय घेऊन बसलेली, आणि कुणाकडं बघतही नव्हती.

“बोलत नाही का आता?” हुमेरानं विचारलं.

“बोलायची ती बी विसरली,” सोनाली चुलीपाशी म्हणाली. “पोट दुखतंय म्हणून रात्र-रात्र रडती. परसाकडं होत न्हाय. वाशीला दावलं, बार्शीला दावलं. रक्त कमी हाय म्हणत्यात, औषध देत्यात. फरक न्हाय.”

“डॉक्टरचं काय घेऊन बसलीस,” कमलबाई म्हणाल्या. “म्या म्हसोबाला बोललीय. पोरगी आजारी पडल्यापासून दर अमुशाला, दर पुनवंला, दुप्पट शेंदूर लावती. माझ्या हातानं खलती, माझ्या हातानं लावती. पोरीच्या कपाळाला बी, बेंबीला बी. त्यो राखील.”

अर्पिता कळ येऊन रडायला लागली. तोंड मोठं उघडलं, आणि हुमेराला दिसलं की पोरीच्या हिरड्यांच्या कडेनं, दातांना लागून, बारीक काळसर निळी रेघ आहे. जांभळं खाल्ली असतील असं तिच्या मनात आलं. मग आठवलं की हा काही जांभळांचा महिना नाही. पण डोक्यात गारगोटीचा कण होता, त्यामुळं ती तेवढ्यावरच उठली आणि शेताकडं निघाली.

या वेळी ती बाभळीखाली बसली नाही. खडकाच्या आतला, हवा न लागलेला गाभा हवा होता, म्हणून नेमकी जागा दाखवायला ती बलभीमांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. ते जरा घुटमळले. मग त्यांनी खिशातून वाटी काढली, पुडी काढली, तेलाची बाटली काढली. वाटीत शेंदूर तेलात कालवला आणि घण जिथं बसणार तिथं पाची बोटांनी माखला. हात जोडून डोळे मिटले. कोरडा खडक ते तेल पीत होता. केसाएवढ्या भेगांमधून लाल रेघा आत आत सरकताना हुमेरानं उघड्या डोळ्यांनी बघितल्या.

“काका, हे काय?”

“इजाजत,” बलभीम म्हणाले. “देवाच्या अंगाला लोखंड लावायचं तर आधी पुसाया नको व्हय?”

“मागच्या वेळीही असंच केलं होतं?”

“करणारच की. पर तुमी म्हनला व्हता, नमुना एकदम साफ पायजे. म्हणून मोटरीखाली धरून घासून घासून धुतलं. तुमच्या कामात आमच्या देवाचा डाग नको म्हणलं.”

शेंदूर म्हणजे काय, हे हुमेराला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाजारात पुडीत मिळतो तो बहुतेक शिशाचाच लाल भुगा. पाण्यानं वरचं निघून जातं, तेलाबरोबर भेगेत शिरलेलं निघत नाही. ती तिथंच खाली बसली. परिषदेतल्या टाळ्या, सरांचे आराखडे, पृथ्वीच्या पोटातला ग्रॅनाइट, सगळं एका पुडीतून निघालं होतं. त्यांनी तिच्या कामाचा मान राखला, तिनं त्यांच्या देवाचा मान राखला, आणि दोघांच्या अदबीनं मिळून घात केला. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

“ऊन लागलं का, ताई?” बलभीम घण खाली ठेवून म्हणाले.

“नाही काका. आज राहू द्या. नको फोडायला.”

परत घरी आली तर कमलबाई ओसरीवर बसून वाटीत शेंदूर खलत होत्या. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अर्पिता त्यांच्या मांडीत होती. पोरीनं वाटीत बोट घातलं आणि बोट तोंडात घातलं. कमलबाई “छी, थू कर,” म्हणाल्या, त्याच लाल हातानं तिचं तोंड पुसलं, आणि पुन्हा खलायला लागल्या.

तेव्हा हुमेराला हिरड्यांवरची ती रेघ कळली. शिसं आणि गंधक एकत्र आलं की काळं खनिज तयार होतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तिनं ते खनिज हातात घेतलं होतं, तोललं होतं, परीक्षेत ओळखलं होतं. रक्तातलं शिसं हिरड्यांपाशी तोंडातल्या गंधकाला भेटलं की तसलीच काळी रेघ उमटते. ज्या शिशाचा माग ती दगडात काढत होती ते दगडात नव्हतंच. ते या पोरीच्या तोंडात होतं.

हे तिथंच सांगायला हवं होतं. तिच्या जिभेवर आलंही. पण समोर अमावस्येचा शेंदूर होता, देव त्यांचा होता, आणि सांगणारी हुमेरा मकबूल पिंजारी होती. दिवस असे आहेत की अशा घरात असं वाक्य कुणी म्हटलं तर ते वाक्य घरात राहत नाही. दुपारपर्यंत पारावर जातं, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर, आणि तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान कळंबच्या भर रस्त्यावर होतं. हुमेरा घाबरली. यात लपवण्यासारखं काही नाही.

तिनं सोनालीला मागच्या दारी गाठलं. “हिचं रक्त बार्शीला ने आणि डॉक्टरांना सांग, शिसं तपासा. शिसं. विसरू नको. आणि तिचे हात सारखे धुत जा.”

“शिसं? दगडातलं?”

हुमेरानं ओसरीकडं बघितलं. “चिमूटभर शेंदूर देतेस का कागदात?” एवढंच म्हणाली. सोनालीनं कशाला म्हणून न विचारता पुडी बांधून दिली.

एसटीत खिडकीशी बसून ती स्वतःला समजावत राहिली की रक्ताचं सांगितलं म्हणजे झालं, पुढचं डॉक्टर बघतील. घरी आई, नसीमबी, हेच म्हणाली. “दवाखाने को भेजी ना तू? बस हुआ, बेटा. बाकी अल्ला बघंल.” आईचं काही चुकत नव्हतं. पण अर्धं सांगितलेलं खरं घशात माशाच्या काट्यासारखं राहतं. हुमेरा त्या रात्री जेवली नाही.

विद्यापीठात गेल्यावर तिनं जुने नमुने काढले. बलभीमांनी दिलेल्या एका मोठ्या तुकड्याची सगळी बाजू कापून टाकली आणि अगदी आतला, भेग नसलेला गाभा तेवढा दळला. त्यात शिसं बाकीच्या बांधात होतं तेवढंच निघालं, म्हणजे नावापुरतं. कागदातला शेंदूर यंत्राखाली धरला. जवळजवळ निव्वळ शिसं. दगड पहिल्यापासून खरं सांगत होता. तो कुणाला खाऊन-बिऊन आला नव्हता, गरिबासारखा खोलातून सरळ वर आला होता. त्याची खनिजंही हेच म्हणत होती आणि तिनं त्यांचं ऐकलं नव्हतं.

सरांना हे सांगायचं ठरवून तिनं फोन लावला. आधी पोरीचं सांगावं, मग गाभ्याचं, असा तिचा बेत होता. पोरीचं सांगेपर्यंतच सरांचा आवाज बदलला.

“म्हणजे शिसं पाण्यातून बाहेर येतंय,” ते म्हणाले. “हुमेरा, लक्षात येतंय का तुझ्या? रक्तात निघालं तर आपल्याला याहून मोठा पुरावा नको. परीक्षक काय बोलतील?”

“सर, ती चार वर्षांची आहे.”

“अगं, वाईटच आहे. म्हणून तर छापलं पाहिजे. गावाचं भलं होईल.”

ते मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं. हुमेरानं गाभ्याचं काही सांगितलं नाही. नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. प्रबंध तसाच गेला तर शिशाला आता जिवंत साक्षीदार होता, आणि खरं सांगितलं तर सहा वर्षांचं बोचकं बांधून पुन्हा पहिल्यापासून. ती माणूस होती. दोन दिवस तिनं विचार केला, आणि त्या दोन दिवसांत काय काय मनात आलं ते तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सोनालीचा फोन आला. ती इतकी हळू बोलत होती की हुमेराला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

“ताई, तुमी म्हनला तसंच निघालं. लई शिसं हाय म्हणाले डॉक्टर. सोलापूरला न्या म्हणाले. आन कुठून येतंय ते आधी हुडका, न्हायतर औषधाचा उपेग न्हाय.”

“मग?”

“मग काय. मामंजी म्हणाले, हुडकायचं काय त्यात, दगडातून येतंय. ताईंनी सांगितलंच व्हतं. आता आत्याबाई रोज शेंदूर लावत्यात, ताई. आमुशा-पुनवेचं न्हाय, रोज. देवाचं अंग फोडलं म्हणून कोपलाय म्हणत्यात. पोरीला संगं घेऊन जात्यात, पाया पडाया.”

हुमेरानं त्याच दुपारची एसटी पकडली.

ओसरीवर बलभीम, कमलबाई आणि सोनाली बसली होती. सोलापूरला जायची पिशवी दाराशी भरून ठेवली होती, पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं. बलभीमांनी तिला बघितलं आणि त्यांना धीर आला.

“आलात, बरं झालं. म्या ह्यास्नी सांगून दमलो,” ते म्हणाले. “दगडाभवती तारंचं कुंपण घालतो. हिरीचं पाणी बंद करतो, गावातून आणू. पोरगी तिकडं फिरकायची न्हाय. शिसं खोलातून आलेलं, त्याला कोण काय करणार? कुणाचा दोष न्हाय. बराबर हाय का न्हाय, ताई?”

तिघं तिच्याकडं बघत होती. तिनं फक्त मान हलवायची होती. बलभीमांच्या देवाचं मोठेपण राहिलं असतं, सरांचा निष्कर्ष राहिला असता, तिची सहा वर्षं राहिली असती, आणि कमलबाई रात्री झोपल्या असत्या. कुणाचाच दोष नाही, सगळा दोष दगडाचा. दगड काही बोलायला येणार नव्हता.

पण कुंपण दगडाला पडलं असतं, आणि वाटी घरातच राहिली असती.

“काका, दगडात शिसं नाही,” हुमेरा म्हणाली. “माझं चुकलं. मी पुन्हा तपासलं. तुमचा दगड स्वच्छ आहे.”

बलभीमांना कळलं नाही. “मंग त्या टायमाला निघालं ते?”

“फोडायच्या आधी तुम्ही शेंदूर लावला होता. तेलातून तो आत गेला. माझ्या यंत्रानं तो मोजला.” तिनं आतल्या दाराकडं बघितलं. “पोरीच्या अंगातही तोच आहे.”

बलभीम उभे राहिले. हा माणूस उंच आहे, हे हुमेराला पहिल्यांदाच जाणवलं.

“हुमेराताई,” ते म्हणाले, “आमच्या घरची भाकर खाल्लीया तुमी, म्हणून ऐकून घेतो. पर देवाच्या शेंदराला नाव ठेवायचं न्हाय. तुमी तर न्हायच.”

हेच ती आठवडाभर भीत होती. आता ते समोर आल्यावर मात्र तिला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. “देवाला मी काहीच म्हणत नाही, काका,” ती म्हणाली. “पुडीतल्या भुग्याला म्हणते. तो कारखान्यात होतो, दुकानात मिळतो. डॉक्टरांना विचारा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यांना विचारा. पण उद्या सोलापूरला जाताना ती पुडी बरोबर न्या.”

“म्या काय सांगितलं—”

“तुमी गप बसा जरा,” कमलबाई म्हणाल्या.

त्या इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि सकाळी खललेल्या शेंदराचा लाल थर अजून हातांवर होता. त्यांनी हुमेराकडं बघितलं. रागानं नाही, तर मोठ्या माणसानं शिकलेल्या पोरीला हिशेब विचारावा तसं.

“पोरगी आधी जरा किरकिरती व्हती. पोट दुखतंय म्हणायची. तवा म्या शेंदूर दुप्पट केला. मंग ती बोलायची बंद झाली. तवा तिच्या बेंबीला लावाया लागले. मंग डॉक्टरनं शिसं म्हणलं, तवा रोज लावाया लागले.” त्यांनी आपल्या लाल हातांकडं बघितलं. “म्हंजे जितकं म्या तिच्यासाठी केलं, तितकंच तिला भवलं. असंच म्हणतीस ना तू?”

हुमेराला खोटं बोलावंसं फार वाटलं. थोडं पाण्यातून असेल, थोडं भांड्यातून असेल, असं काहीतरी. एवढ्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण ती बाई तिच्याकडं इतकं सरळ बघत होती की हुमेराला दुसरं काही सुचलं नाही.

“हो, मावशी,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नव्हतं.”

“न्हवतं ठाऊक,” कमलबाई म्हणाल्या. “पर हात तर माझंच व्हतं.”

बलभीम खांबाला धरून उभे होते. ते हळूहळू खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आतून अर्पिता आली. झोपेतून उठली होती, केस विस्कटलेले. बोलत नसली तरी रोज संध्याकाळी कुणाच्या मांडीत बसायचं हे तिला पक्कं माहीत होतं. ती सरळ आजीकडं गेली आणि मांडीवर चढायला लागली. कमलबाईंनी झटक्यात दोन्ही हात वर उचलले, अंगापासून लांब धरले. पोरगी पदराला धरून ओढायला लागली. हात काही खाली येईनात.

“सोनाली, उचल हिला,” कमलबाई म्हणाल्या. “आधी उचल. लुगड्याला बी असंल माझ्या.”

सोनालीनं उचललं तशी पोरीनं टाहो फोडला. मागं वळून आजीकडं हात पसरून ती रडत होती, आणि सोनालीही रडत होती. तिला आत नेलं तरी आवाज ओसरीवर येत राहिला.

“मावशी, साबणानं धुतलं की निघतं,” हुमेरा म्हणाली. “चला. मी पाणी घालते. लुगडं बदला, हात धुवा, आणि घ्या तिला. तिला तुम्हीच लागता.”

कमलबाई उठल्या. मोरीवर उकिडव्या बसल्या. हुमेरानं पाणी घातलं आणि त्यांनी कपड्याच्या साबणानं हात घासले, कोपरापर्यंत घासले, नखांत काडी घालून काढलं. पाणी लालसर होऊन मोरीतून बाहेर गेलं. मग त्यांनी दोन्ही तळवे हुमेरापुढं धरले.

“बग,” त्या म्हणाल्या. “तुला कळतंय त्यातलं. गेलं का सगळं?”

हुमेरानं ते तळवे हातात घेतले आणि उजेडाकडं वळवले. इतक्या वर्षांच्या कामानं त्यांना खोल भेगा पडल्या होत्या, आणि प्रत्येक भेगेच्या तळाशी अजून बारीक लाल रेघ होती. आत पोरगी आजीसाठी रडत होती.

“अजून नाही, मावशी,” हुमेरा म्हणाली, आणि तिनं पुन्हा तांब्या भरला.